पोचलीस की फोन कर

"नक्की काय करतेस गं तू ऑफिसात?" हा प्रश्न मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचा विचारून झालाय. तर मंडळी, सध्या मी गजर लावते. बोरिवलीहून अंधेरीला जाऊन, दिवसभर, प्रोग्रामच्या पोटात.

अमुक वेळाने अमुक काम कर, असं प्रोग्रामला सांगून ठेवणं म्हणजे टायमर. त्याच्या जाती दोन. एकदाच वाजून संपणारा, म्हणजे दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख. आणि पुन्हा पुन्हा वाजणारा, म्हणजे दूधवाल्याचं बिल. खरं तर दुसरा हा पहिलाच असतो. फक्त वाजून झाल्यावर स्वतःचं नाव पुढच्या तारखेला परत लिहून ठेवतो.

१९७९ साली बेल लॅब्जची युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात या दोन जातींसाठी दोन वेगळी साधनं होती. एकदाच करायच्या कामाला ‘अ‍ॅट’ आणि नेमाच्या कामाला ‘क्रॉन’. क्रॉनचा दिनक्रम वॉचमनसारखा. दर मिनिटाला उठायचं, कामांची यादी बघायची, वेळ झालेलं काम सुरू करायचं, परत झोपायचं. यादी दहा-वीस ओळींची असेल तर यात वाईट काहीच नाही.

पण संगणक एकमेकांशी बोलायला लागले आणि हिशेब बिघडला. समोरच्याला निरोप पाठवला की टायमर लावावा लागतो: इतक्या वेळात पोच आली नाही तर निरोप परत पाठव. दोनशे जणांशी बोलणं चालू, प्रत्येकाचे तीन टायमर, म्हणजे सहाशे. आणि इथे मिनिटं नाहीत, सेकंदाचे तुकडे मोजायचे. दर ठोक्याला सहाशेही आकडे एकेकाने कमी करत बसलं तर मशीन दुसरं काम करणार कधी? दुसरा उपाय म्हणजे टायमर वेळेच्या क्रमाने रांगेत उभे करायचे आणि फक्त पहिल्याकडे बघायचं. युनिक्स तेच करायचं, डिजिटल कंपनीचं व्हीएमएसही तेच. पण नवा आला की त्याची जागा शोधत रांगेतून चालत जायचं. रांग लांबली की वेळ गेलाच.

यावरचा उत्तम तोडगा ज्या दोघांनी काढला त्यातले एक आपल्या पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेले. जॉर्ज वर्गीस, १९८१ चे बी.टेक. काम झालं अमेरिकेत, डिजिटल कंपनीत, टोनी लॉक यांच्याबरोबर, आणि १९८७ च्या नोव्हेंबरात ऑस्टिनच्या परिषदेत निबंध वाचला गेला. तेव्हा पवईने फार फुशारकी मारू नये हे कबूल. पण लिंक रोडवरून आयआयटीच्या गेटसमोरून रिक्षा जाते तेव्हा मी थोडी मारून घेते :-)

कल्पना अगदी घरगुती आहे. कालनिर्णय आठवा. (१९७३ पासून जयंतराव साळगावकरांनी ते घराघरात नेलं.) गॅसचा नंबर २५ तारखेला लावायचाय, तर आई २५ च्या चौकोनात लिहून टाकते. बाकीच्या चौकोनांत काय आहे हे तिला बघावंच लागत नाही. आणि २५ तारखेला फक्त तेवढा एकच चौकोन वाचायचा. लिहिणं एका झटक्यात, वाचणं एका झटक्यात. हे चौकोन गोल फिरणाऱ्या चाकावर मांडले की झालं टायमरचं चाक.

अडचण एवढीच की सेकंदागणिक चौकोन आखायचे तर शंभर दिवसांना ८६,४०,००० चौकोन लागतात. म्हणून चाकं चार केली: दिवसांचं १०० घरांचं, तासांचं २४ चं, मिनिटांचं ६० चं, सेकंदांचं ६० चं. एकूण घरं २४४! लांबचं काम आधी दिवसाच्या घरात पडून राहतं. तो दिवस उजाडला की तासांच्या चाकावर उतरतं, मग मिनिटांच्या, मग सेकंदांच्या. डब्यांचं तसंच नाही का? आधी स्टेशन, मग बिल्डिंग, मग मजला.

पुढे हे चाक बीएसडीत गेलं, लिनक्समध्ये गेलं, काफ्कात गेलं.

त्या निबंधातली मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही टायमर वाजण्यासाठीच लावलेले असतात, दुधाच्या बिलासारखे. पण काही असे, की ते वाजूच नयेत. पोच वेळेत आली की ते पुसून टाकायचे. आई म्हणते ना, "पोचलीस की फोन कर." तिच्या मनात तेव्हा एक टायमर सुरू होतो, माझा फोन गेला की पुसला जातो. रोज संध्याकाळी उपनगरांत असे लाखो टायमर लागतात आणि न वाजता पुसले जातात.

२६ जुलै २००५ ला ते वाजले, सगळे एकदम. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. गाड्या बंद, वीज गेलेली, मोबाईल लागेनात. मी ऑफिसातच अडकले होते. घरी आई दर दोन मिनिटांनी नंबर फिरवत होती आणि तिच्यासारखीच अख्खी मुंबई. जेवढे जास्त प्रयत्न, तेवढ्या लाईनी जाम. १९८६ साली इंटरनेटची अशीच कोंडी झाली होती. पोच आली नाही म्हणून प्रत्येक जण निरोप परत पाठवतोय, आणि त्या निरोपांनीच वाट बुजतेय. तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेल्या उपायांत एक असा होता, की पोच नाही आली तर पुढच्या वेळी जास्त थांबा, मग त्याहून जास्त. त्या रात्री हे आईला सांगायची कोणाची हिंमत होती!

२०१६ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनक्समधलं चाक पुन्हा बांधलं. त्यांचं म्हणणं, बहुतेक टायमर वाजण्याआधीच पुसले जातात, तर त्यांना एका चाकावरून दुसऱ्यावर उतरवत बसायचं कशाला? लांबचे आहेत तिथेच राहू देत, वाजलेच तर थोडे उशिरा वाजतील. जेवढी मुदत लांब तेवढी सूट जास्त. आईचं गणितही हेच. मी अंधेरीहून निघाले की ती मिनिटं मोजते. भाऊ न्यू जर्सीला जायला निघाला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती फोनकडे बघतसुद्धा नाही.