इलिनॉय: बालन्यायालय, गांजा आणि समलिंगी किशोर

शिकागोत १८९९ साली अमेरिकेतले पहिले बालन्यायालय सुरू झाले. शिक्षेऐवजी सुधारणा हे त्याचे ध्येय होते; तरी पुढे घरातून पळालेले मूलही त्याच्यासमोर उभे केले जाई. १९३७च्या केंद्रीय कायद्याने गांजावर देशभर निर्बंध आले. १९६१ मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारे इलिनॉय हे पहिले राज्य ठरले. किशोरांना मात्र त्याचा आधार लाभला नाही. ओळख कळताच घराबाहेर काढलेला मुलगा रस्त्यावर राही, मनावरचा ताण गांजाच्या धुरात विसरू पाही आणि खिशातल्या पुडीसह पोलिसांच्या हाती लागे. २०२० पासून तेथे २१ वर्षे पूर्ण झालेल्या रहिवाशांना ३० ग्रॅम गांजा बाळगता येतो. अल्पवयीनांवरची बंदी कायम आहे. अशा मुलांना कोठडीपेक्षा सुरक्षित घर आणि समुपदेशन अधिक गरजेचे आहे.