एकशिक्षकी शाळा आणि खिशातला फोन

आमच्या घरातली तरुण मंडळी असं धरून चालतात की आयफोन आला आणि मगच फोनवर एका वेळी अनेक कामं व्हायला लागली. इतिहास बरोबर उलटा आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा या बाबतीत तो इतरांच्या मागे होता. आणि तरीही पुढे बरंचसं त्याच्याच वाटेनं गेलं. हे कसं झालं ते आज जरा सविस्तर लिहितो. विषय यंत्राचा आहे, पण मंडळी, रोजच्या जगण्यातला आहे.

आधी 'मल्टिटास्किंग' म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या फोनमध्ये प्रोसेसर साधारण एकच, आणि तो एका क्षणी एकच काम करणार. मग चार कामं एकदम होतात असं का वाटतं? ज्यांनी एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. एक खोली, चार इयत्ता, गुरुजी एक. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तिसरीला गणितं घालायची, चौथीला धडा मनात वाचायला सांगायचा आणि तेवढ्यात दुसरीला शिकवायचं. शाळा भरलेली दिसते, पण गुरुजींचं लक्ष एका वेळी एकाच वर्गावर असतं. खरं कसब दोन गोष्टींत आहे. कुणाला किती वेळ द्यायचा हे एक, आणि परत वळल्यावर आपण कुठे थांबलो होतो ते आठवणं हे दुसरं.

कसोटी आमच्या सावद्याचीच घेऊ. केळीचा सौदा फोनवर चालला आहे. व्यापारी भाव सांगतोय. बोलता बोलता क्विंटलचा हिशेब करायचा आहे, ट्रकचा नंबर टिपायचा आहे, आणि कापणीच्या मजुरांना बोलवायचा एसएमएस अर्धाच लिहून झालेला आहे. फोन ठेवल्यावर तो अर्धा एसएमएस जागेवर आहे की गेला? प्रश्न लहान वाटतो. पण कापलेला घड कुणासाठी थांबत नाही.

आता एकेक ऑपरेटिंग सिस्टिम पाहू.

पहिली पामची. १९९६ साली पामचा 'पायलट' आला. तो फोन नव्हता, खिशातली वही होती. पुढे ट्रिओ फोनमध्ये हीच सिस्टिम वापरली गेली. पामचा नियम सोपा होता, पडद्यावर एकच काम. दुसरं उघडलं की पहिलं बंद. पण बंद होताना ते आपली जागा लिहून ठेवायचं आणि परत उघडलं की बहुधा तिथेच सापडायचं. म्हणजे गुरुजी एका वेळी एकच वर्ग घ्यायचे, पण खडूनं खूण करून ठेवायचे.

दुसरी सिम्बियन. इंग्लंडमधल्या सायन कंपनीनं हातात मावणारे संगणक केले होते. १९९७ चा 'सिरीज ५' दोन पेन्सिल सेलवर चालायचा. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी काढली. २००२ च्या नोकिया ७६५० पासून ही सिस्टिम सामान्य माणसाच्या फोनमध्ये शिरली, आणि आपल्याकडे ६६०० नं ती घरोघर माहीत करून दिली. इथे कामं खरोखर मागे चालू राहायची. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू कामांची यादी यायची. केळीवाल्याला हिशेब, एसएमएस, बोलणं, सगळं शक्य.

पण गोम स्मरणशक्तीत होती. २००७ च्या नोकिया एन ९५ सारख्या महागड्या फोनला रॅम होती ६४ मेगाबाइट. दोन-तीन मोठी कामं उघडली की पडद्यावर सूचना यायची, मेमरी भरली, काही कामं बंद करा. म्हणजे गुरुजी मध्येच विद्यार्थ्यांना म्हणतात, "तुमच्यापैकी कोण घरी जाणार ते तुम्हीच ठरवा!"

तिसरी मायक्रोसॉफ्टची विंडोज मोबाइल. कोपऱ्यात फुलीचं बटण होतं, पण फुली मारली तरी काम बंद व्हायचं नाही, नुसतं नजरेआड व्हायचं. आत साचत जायचं. एकूण ३२ कामांची मर्यादा होती, पण त्याच्या कितीतरी आधी फोन रेंगाळायचा आणि बॅटरी उतरायची. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास भारनियमन असायचं. रिकामी बॅटरी म्हणजे मुकं यंत्र, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि मग आयफोन. आपल्याकडे तो ऑगस्ट २००८ मध्ये आला, ८ जीबीचा ३१ हजार रुपयांना. त्याची स्वतःची गाणी मागे चालू राहत, फोनवर बोलताना त्याचा कॅल्क्युलेटरही उघडे. पण बाहेरच्या कंपनीचं ॲप पडद्यावरून गेलं की बंद! बाहेरचं रेडिओ ॲप ऐकताना एसएमएस उघडला की रेडिओ गप्प. ज्यांना सिम्बियनची सवय होती ते हसले. २०१० च्या जूनमध्ये आयओएस ४ आलं आणि दार किलकिलं झालं. गाणी वाजवणं, इंटरनेटवरून बोलणं, ठिकाण पाहणं अशा मोजक्या कामांना मागे चालू राहायची परवानगी मिळाली. बाकीची ॲप नुसती गोठवून ठेवायची आणि परत आलं की तिथूनच पुढे.

अँड्रॉइडचा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत आला. त्यानं मधला मार्ग काढला. कामं मागे राहू देत, पण जागा कमी पडली की यंत्र स्वतःच कमी महत्त्वाचं काम बंद करणार. त्याआधी ॲपला सांगणार, बाबा, तुझी जागा लिहून ठेव.

एक राहिलं, पामचंच वेबओएस, २००९ चं. प्रत्येक काम पत्त्याच्या पानासारखं दिसायचं. बोटानं सरकवा, वर ढकललं की बंद. एचपीनं २०१० मध्ये पाम विकत घेतली आणि २०११ मध्ये ते फोनच बंद केले. पण आज कुठलाही फोन घ्या, उघडलेली कामं पानांसारखीच दिसतात.

तर काळानं निकाल असा दिला. सिम्बियननं निवड माणसावर सोडली, ती मागे पडली. आयफोन आणि अँड्रॉइडनं निवड स्वतःकडे घेतली, ती टिकली. माझ्या मते यामागे एक साधं सत्य आहे. सामान्य माणसाला चार कामं एकदम नको असतात, सोडलेलं काम सोडल्या जागी सापडायला हवं असतं. आपल्याकडे अष्टावधानी माणसाचं कौतुक होतं तेही हात आठ असतात म्हणून नव्हे, आठ धागे न तुटता पुन्हा हाती लागतात म्हणून.

पण याला किंमतही आहे, आणि ती आमच्या वयाच्या माणसांना जास्त लागू आहे. कोणतं काम महत्त्वाचं हे आता यंत्र ठरवतं. आजचे अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप परस्पर थांबवतात. त्यात औषधाची आठवण देणारं ॲपही थांबू शकतं. रक्तदाबाची गोळी आणि पोरांचा खेळ यांतला फरक त्याला कोण सांगणार?

वर्गाकडे गुरुजींचं दुर्लक्ष झालं तर पोरं गोंगाट करून कळवतात. फोनमधलं थांबवलेलं काम गोंगाट करत नाही. म्हणून सगळ्या भाच्या-पुतण्यांना सांगणं आहे, पुढच्या वेळी घरी याल तेव्हा मोठ्यांच्या फोनमधल्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जा आणि औषधाच्या ॲपवरचं बंधन काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.