आहे की नाही? : डिरेक्टरीच्या शोधाची गोष्ट

१९६९ साली न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्समध्ये, केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या जुन्या संगणकावर युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला. ‘अमुक डिरेक्टरी आहे का?’ हा प्रश्न तेव्हा फारसा उद्भवतच नव्हता. यंत्र चालू असताना नवी डिरेक्टरी बनवायची सोयच नव्हती. कागदी पट्टीवरून सगळी फाइलव्यवस्था नव्याने मांडली जाई, तेव्हा ज्या बनतील तेवढ्याच. गेली ती गेली, पुन्हा मिळणार नाही, असंच त्या काळातल्या डिरेक्टरीचं वर्णन डेनिस रिची यांनी पुढे केलं आहे.

डिरेक्टरी ही मुळात नोंदवही. जमीन शिवारात असते, तलाठ्याच्या दप्तरात असतं ते खातेदाराचं नाव आणि गट नंबर. युनिक्समध्येही तसंच: फाइलचा ऐवज डिस्कवर दुसरीकडे, डिरेक्टरीत फक्त नाव आणि आयनोडचा, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, क्रमांक. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अशी एक नोंद १६ बाइटांची असे, २ क्रमांकासाठी आणि १४ नावासाठी. क्रमांकाच्या जागी शून्य दिसलं की समजायचं, नोंद रद्द झाली आहे.

युनिक्स पीडीपी-११ वर गेली. ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ‘स्टॅट’ हा सिस्टिम कॉल सापडतो. त्याला नाव द्यायचं, तो आयनोडमधली माहिती आणून देतो. त्या नावाचं काही नसेल तर उत्तर उणे एक. असेल तर ती साधी फाइल आहे की डिरेक्टरी, हे मोडच्या काही बिटांवरून ओळखायचं. अष्टमान पद्धतीत ०४०००० आलं की डिरेक्टरी. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेच्या पुस्तकात ही तपासणी आहे, आणि पुढची पायरी तर आज चकित करणारी आहे: डिरेक्टरी साध्या फाइलसारखी उघडून १६-१६ बाइटांचे घास वाचायचे. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती आली, तेव्हा हा सरळ रस्ता बंद होत आला होता. तिथे लेखकांनी ‘ओपनडिर’ आणि ‘रीडडिर’ ही फंक्शनं स्वतः लिहून दाखवली.

मधल्या काळात एक मोठा धडा मिळाला होता. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरी बनवणारा वेगळा सिस्टिम कॉल नव्हता. ‘एमकेडिर’ हा वेगळा प्रोग्राम ते काम करी, आणि रिकामी डिरेक्टरी मांडण्याचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याला, असल्याने तो रूटच्या अधिकाराने चाले. आधी तो तपासणार, की या वापरकर्त्याला इथे लिहायची परवानगी आहे का. मग डिरेक्टरी मांडणार, मग तिची मालकी वापरकर्त्याच्या नावे करणार, मग एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदी जोडणार. प्रत्येक पायरी वेगळी. मांडणी आणि मालकी यांच्या मधल्या फटीत कुणी ती कोरी डिरेक्टरी काढून त्याच नावाने पासवर्ड फाइलची लिंक ठेवली, तर प्रोग्राम निमूटपणे पासवर्ड फाइलच त्या माणसाच्या नावे करून टाकी. यंत्रावर ताण जितका जास्त, तितकी फट रुंद. प्रोग्रामच्या कुठल्याही एका ओळीत चूक नव्हती. चूक दोन ओळींच्या मध्ये होती, म्हणूनच ती वाचून सापडायला इतकी अवघड.

बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये ‘एमकेडिर’ हा थेट सिस्टिम कॉल केला. सगळ्या पायऱ्या कर्नलच्या आत, एका दमात. त्याच व्यवस्थेत नावं २५५ अक्षरांपर्यंत लांबली आणि सोळा बाइटांचा हिशेब इतिहासजमा झाला.

त्याच वर्षी डॉसच्या २.० आवृत्तीत उपडिरेक्टऱ्या आल्या. तिथे बॅच फाइल लिहिणाऱ्यांनी वेगळीच युक्ती काढली. ‘नल’ हे उपकरण प्रत्येक डिरेक्टरीत असल्यासारखं भासे, म्हणून डिरेक्टरीच्या नावापुढे नल जोडून ‘ही फाइल आहे का?’ असं विचारायचं. उत्तर हो आलं, तर डिरेक्टरी आहे.

सी भाषेच्या प्रमाणाने मात्र या विषयाला हातच लावला नाही. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात फाइल पुसणं आहे, नाव बदलणं आहे, डिरेक्टरी नाही. कारण सी अशाही यंत्रांवर चालायला हवी होती जिथे डिरेक्टरी ही कल्पनाच नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणातही ती नाही. सी प्लस प्लसला २०१७ मध्ये मिळाली. सी लिहिणाऱ्यांना आधार राहिला तो पॉझिक्स या १९८८ च्या युनिक्सवर बेतलेल्या प्रमाणाचा.

दोन ओळींच्या मधली फट तरीही बुजली नव्हती, कारण ती आता सामान्य प्रोग्रामांत होती: आधी स्टॅटने विचारायचं, मग त्या उत्तरावर विसंबून काम करायचं. मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये अशा जागा कोडमध्ये शोधायची रीत मांडली. तरी जानेवारी २०२२ मध्ये, सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट पुसणाऱ्या फंक्शनमध्ये हीच फट निघाली.

त्यामुळे जाणकार सी प्रोग्रामर आज क्रम उलटा करतो. डिरेक्टरी हवी असेल तर आधी विचारत बसत नाही, सरळ ‘एमकेडिर’ करतो. ‘ईएक्झिस्ट’ हा एरर आला, तरच स्टॅटने बघतो, कारण त्या नावाची साधी फाइल असली तरी एरर तोच येतो. आणि आत काम करायचं असेल तर ‘ओ-डिरेक्टरी’ हा फ्लॅग लावून उघडतो. तो लिनक्सच्या २.१.१२६ आवृत्तीत आला. ‘ओपनडिर’च्या हाती डिरेक्टरीऐवजी पाइप किंवा टेपचं उपकरण लागलं तर प्रोग्राम अडकू नये, हा त्यामागचा हेतू. डिरेक्टरी नसेल तर कर्नल उघडतानाच नकार देतो. उघडली तर हातात डिस्क्रिप्टर येतो, आणि २००८ च्या पॉझिक्समधल्या ‘ओपनअॅट’, ‘एमकेडिरअॅट’ या कॉलना तोच देता येतो. मग वाटेतलं नाव कुणी बदललं, तरी काम आधी उघडलेल्या त्याच डिरेक्टरीत होतं.