जीमूतवाहन ते जेडकॉम : वंशावळीचा मागोवा

बदलापूरच्या कुळगावातल्या एका घरात आपण संगणकापुढे बसलो आहोत असे धरू. वंशावळीचे सॉफ्टवेअर नुकतेच उतरवून घेतले आहे. शेजारी आजोबांच्या ट्रंकेतून निघालेले वाटणीपत्र, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि पिवळ्या पडलेल्या कागदावर कुणीतरी टाकाने लिहिलेली सात पिढ्यांची नावे आहेत. पडद्यावर पहिली चौकट उघडते ती आपल्या नावाची. तिच्या वर सारख्या आकाराच्या दोन चौकटी आहेत, एक वडिलांची आणि एक आईची. आईच्या चौकटीवर पुन्हा दोन चौकटी निघतात, आणि तिथे आपला हात थांबतो. हाताशी असलेल्या पिवळ्या कागदावर सात पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. या दोन सारख्या चौकटी कुठून आल्या आणि तो कागद असा का लिहिला गेला, हे समजून घ्यायचे तर आपल्याला फार मागे जावे लागेल. मात्र पहिला मुक्काम अगदी जवळ आहे.

कुळगावाहून मुरबाडमार्गे आपण नाणेघाटाकडे गेलो, की घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचे एक कुटुंबचित्र भेटते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरल्या होत्या. आज त्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, पण डोक्यावर कोरलेली नावे वाचता येतात. राजा सिमुक सातवाहन, मग देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, मग कुमार, आणि त्यांच्यात एक महारठी त्रणकयिर. हा महारठी नायनिकेचा, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो तिचा, पिता असावा असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. तसे असेल, तर महाराष्ट्रातल्या या सर्वांत जुन्या कुटुंबचित्रात राणीचे माहेरही सासरच्या रांगेत उभे आहे. पुढे नाशिकच्या पांडवलेण्यांत, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, गौतमी बलश्रीने लेख कोरवला आणि आपण महाराजाची माता व महाराजाची पितामही आहोत असे त्यात सांगितले. तिचा मुलगा इतिहासात गौतमीपुत्र म्हणूनच राहिला. हे सारे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ, कारण या वाटेच्या शेवटी आपल्याला इथेच परत यायचे आहे.

पुढचा मुक्काम बदलापूर स्थानकाहून एका स्थानकावर आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलालेख आहे. त्यात शिलाहार महामंडलेश्वर माम्वाणिराजाचा उल्लेख येतो. त्याच्या आधीचा छित्तराज याचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपला सापडला. शिलाहारांच्या ताम्रपटांत दान कोणाला आणि किती दिले हे सांगण्याआधी दात्याचे कूळ सांगितलेले असते, आणि ते कूळ कपर्दी या पहिल्या राजापाशी न थांबता थेट जीमूतवाहन विद्याधरापर्यंत पोहोचते. गरुडापासून नागाला वाचवण्यासाठी स्वतःचा देह देणारा हा कथेतला नायक शिलाहारांचा मूळ पुरुष ठरला. शिवाय 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद लावून ते आपले मूळ गाव मराठवाड्यातले तेर असल्याचेही सांगत. मूळ पुरुष, मूळ गाव आणि पिढ्यांची रांग हा साचा इथे पूर्ण तयार दिसतो. ही वंशावळ राजाला कीर्तीसाठी हवी होती, म्हणून तिच्यात गादीवर बसलेले आले. वंशावळ कोण मागतो, त्यावर तिच्यात कोण येणार हे ठरते, आणि पुढच्या हजार वर्षांत हीच गोष्ट आपल्याला वारंवार दिसणार आहे.

राजाखेरीज दुसरा मागणारा होता धर्म. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागत. विवाहात सपिंड नाते टाळायचे, तर वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या मोजाव्या लागत. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने रूढ केलेली ही मोजणी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पाच आणि तीन अशी आटोपशीर झाली. एवढी नावे घरात पाठ राहिली नाहीत तर ती तीर्थक्षेत्री मिळत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यांच्या लांबट वह्यांत यात्रेकरूने स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव लिहायचे, गाव सांगायचे आणि सही करायची. पुढच्या पिढीतला कुणी आला, की उपाध्याय आडनाव आणि गाव विचारून नेमके पान उघडतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेच काम हेळवी करत आले. बैलावर बसून, घंटा वाजवत हेळवी दारी येतो, यजमानाच्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवा जन्म नोंदवून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो.

उत्तर कोकणच्या वाट्याला अशा स्मृतीचा एक लेखी ठेवाही आला. महिकावती म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातले केळवे-माहीम. तिथल्या राज्याची आणि घराण्यांची हकीकत सांगणाऱ्या बखरीचा जुना भाग शके १३७० च्या सुमाराचा, केशवाचार्यांच्या नावावरचा आहे. कोणती कुळे कुठून आली, कोणाला कोणते गाव आणि कोणते वतन मिळाले, हे सांगण्यात ती रमते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १९२४ साली ही बखर छापून काढली.

वतन हा शब्द आला, की वंशावळीचा तिसरा आणि सर्वांत आग्रही मागणारा पुढे येतो. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही पिढीजात हक्कांची कामे होती. तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत, लिहून देत आणि करीन्याचा कणा असे वंशावळ. थोरली शाखा कोणती, धाकटी कोणती, दत्तक कधी घेतला, भाऊ परागंदा होऊन कुठे गेला, हे सारे पिढीवार मांडल्यावर निवाड्याचा महजर होई. १८५२ च्या अकराव्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने इंग्रजी अमलात हाच प्रश्न अधिक कठोरपणे विचारला : जमीन कोणाला दिली होती आणि तुम्ही त्याचे कोण? घरोघरी पेटारे उघडले गेले, मोडी कागदांच्या नकला झाल्या आणि मूळ इनामदारापासून हयात वारसापर्यंतच्या वंशावळी दप्तरात दाखल झाल्या. आपल्यापुढच्या पिवळ्या कागदाचे कूळ हेच आहे. त्याचा उद्देश हक्क सिद्ध करणे हा होता आणि हक्क मुलाकडे जात होता. म्हणून लेक असूनही मुलगा नसलेल्या भावाच्या नावाखाली 'निर्वंश' असे लिहून शाखा बंद केलेली दिसते. त्या एका शब्दाखाली किती मुली सासरी नांदल्या, त्यांची नातवंडे कुठे गेली, याचा पत्ता कागद देत नाही.

कीर्तीची वंशावळ मात्र थांबलेली नव्हती. १८०३ साली तंजावरच्या सरफोजी दुसऱ्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरून घेतले. तामिळ देशातल्या त्या चोळकालीन दगडावर मराठी अक्षरांच्या ओळीमागून ओळी आजही उभ्या आहेत. विसाव्या शतकात ही हौस सामान्य घराण्यांपर्यंत आली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि जुना कागद जपण्याची दृष्टी मध्यमवर्गात रुजली. कुलवृत्तांत निघू लागले. पत्रके पाठवून माहिती मागवायची, शाखांना क्रमांक द्यायचे, मजकुरात पत्नीचे माहेर आणि मुलींची सासरे नोंदवायची आणि शेवटी घडीच्या मोठ्या पानावर वंशवृक्ष छापायचा, अशी त्यांची घडण होती. त्या वृक्षाच्या फांद्यांवर बहुधा मुलगेच असत. पण मजकुरात स्त्रिया आल्या होत्या, हे या पुस्तकांचे मोठे देणे आहे.

इकडे हे चालू असताना युरोपात एक निराळा धागा विणला जात होता. १५९० साली मिखाएल आयत्सिंगर याने कोलोनला छापलेल्या ग्रंथात पूर्वजांना क्रमांक देण्याची रीत वापरली. १६७६ मध्ये हिएरोनिमो दे सोसाने ती उचलली आणि १८९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ केकुले यांचे चिरंजीव श्टेफान यांनी ती लोकप्रिय केली. रीत सोपी आहे. आपण १, वडील २, आई ३. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, आणि त्यात एक मिळवला की आई. म्हणजे आईची आई ७ आणि तिची आई १५. आपली वंशावळ मूळ पुरुषापासून खाली येते, तर ही स्वतःपासून वर चढते. वर चढताना दर पायरीला आई आणि वडील यांची घरे सारखीच भरावी लागतात. सात पायऱ्या चढल्यावर १२८ पूर्वज होतात, आणि आपल्या कागदावरचा मूळ पुरुष त्यांतला फार तर एक असतो.

या गणिताला यंत्राची जोड अमेरिकेतल्या युटा राज्यात मिळाली. तिथल्या मॉर्मन पंथात पूर्वजांसाठी धर्मविधी करण्याची श्रद्धा आहे आणि त्यासाठी पूर्वजांची नावे ठाऊक हवीत. म्हणून त्यांनी १८९४ साली वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरची दप्तरे मायक्रोफिल्मवर घ्यायला आरंभ केला. १९७७ पासून हरिद्वारच्या वह्याही त्या फिल्मवर येऊ लागल्या. पितरांसाठी नाव जपणाऱ्या दोन परंपरा अशा गंगेकाठी एकत्र आल्या. १९८४ साली याच पंथाने घरच्या संगणकासाठी 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल' काढली आणि तिच्यासोबत माहितीची देवाणघेवाण करणारा 'जेडकॉम' हा साचा दिला. जेडकॉममध्ये माणसाची नोंद वेगळी आणि कुटुंबाची वेगळी असते. कुटुंबाच्या नोंदीत पती, पत्नी आणि मुले जोडली जातात आणि मुलगा-मुलगी दोघांनाही एकच खूण असते. 'निर्वंश' लिहायला तिथे चौकटच नाही. पुढे २००१ मध्ये 'ग्रॅम्प्स' हे सर्वांना मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आले. १९९९ च्या जेडकॉम मसुद्याने यूटीएफ-८ ला जागा दिल्यावर देवनागरी नावे लिपी न बदलता एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. २०२१ च्या सातव्या आवृत्तीत तर तीच एकमेव अक्षरपद्धती ठरली.

आता आपण कुळगावातल्या त्या पडद्याकडे परत येऊ. शिकायची पहिली गोष्ट म्हणजे स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे, आणि प्रत्येक विधानाला आधार जोडायचा. हे नाव वाटणीपत्रातून, ही तारीख शाळेच्या उताऱ्यातून, ही हकीकत आत्याच्या तोंडून. महजरात साक्षीदारांची नावे येत, तसेच हे आहे. दुसरी गोष्ट काळाची. आपल्या घरांत मृत्यूची तिथी पक्की असते, कारण श्राद्ध त्या दिवशी होते, पण साल विसरलेले असते. सॉफ्टवेअर आधी साल मागते आणि जेडकॉमच्या पंचांगांत शक नाही. म्हणून शकात ७८ मिळवून साल लिहावे, पौष ते फाल्गुनातल्या घटनेसाठी ७९ लागेल हे तपासावे, मोडी कागदावर शुहूर सन असेल तर सुमारे ५९९ मिळवावेत आणि मूळ तिथी टिपणीत जशीच्या तशी ठेवावी. तिसरी गोष्ट गावाची. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये बदलापूर कल्याण तालुक्यात आहे, आज ते अंबरनाथ तालुक्यात आहे. ग्रॅम्प्समध्ये एकाच गावाला काळाप्रमाणे वेगवेगळा तालुका जोडता येतो, आणि त्यामुळे जुना कागद कोणत्या कचेरीत शोधायचा हे कळते. चौथी गोष्ट नावांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच घरात तीन गोविंद निघतात. लग्नात मुलीचे नाव बदललेले असते. तिचे माहेरचे नाव मुख्य आणि सासरचे पर्यायी म्हणून ठेवले, की दोन्ही घरांची वाट मोकळी राहते.

शेजारच्या उल्हासनगरात हे काम वेगळ्या ओढीने करावे लागते. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, शेत, दप्तर सारे पलीकडे राहिलेल्या माणसांना हरिद्वारची वही हाच पिढ्यांचा लेखी पुरावा ठरू शकतो. कागद किती नाजूक असतो, हे बदलापूरकरांनाही २६ जुलै २००५ च्या उल्हास नदीच्या पुराने शिकवले. ट्रंकेतल्या कागदाचे छायाचित्र नोंदीला जोडून त्याची प्रत दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवणे ही म्हणूनच साधी पण मोलाची सवय आहे.

आणि वंशावळ मागणारे आजही आहेत. जात पडताळणीसाठी शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि तिथे नाते पित्याच्या बाजूने मोजतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरे आणि मोडी वाचणारी माणसे यांना पुन्हा दिवस आले. पण दुसरीकडे प्रश्न बदलतोही आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, त्यामुळे आज वारसनोंदीत लेकींची नावे येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते.

आपल्या पडद्यावर ३ क्रमांकाची चौकट भरली आहे, ७ क्रमांकाची अजून रिकामी आहे. आईच्या आईचे माहेरचे नाव घरात आता एखाद्याच म्हाताऱ्या मावशीला आठवत असेल. वह्या, महजर आणि बखरी शतकानुशतके टिकल्या. मावशीची आठवण तितकी टिकणार नाही. म्हणून संगणक तसाच उघडा ठेवून आधी तिला फोन करावा. नाणेघाटात नायनिकेचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर कोरले होते. तिच्या शेजारची आपल्या घरातली जागा भरायची राहिली आहे.