ग्राफिक्स कार्डाची किल्ली कुणाकडे?

आपल्या शहराच्या नहरी तुम्हाला ठाऊक आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधली, तेव्हा जमिनीखालच्या त्या वाटेवर ठिकठिकाणी मॅनहोल ठेवले. आत डोकावता यावं, गाळ काढता यावा म्हणून. आजचा विषय ग्राफिक्स कार्डाचा, पण प्रश्न तोच आहे : आत बघायला वाट ठेवली आहे का?

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. कार्ड फार तापलं की ते स्वतःच आपला वेग उतरवतं. म्हणून तापमान बघायचं, पंखा वाढवायचा, व्होल्टेज जरा कमी करायचं. लिनक्सवर हे करायचं तर चिपची माहिती हवी, आणि ती कंपन्यांच्या कपाटात बंद होती.

मग काहींनी बंद ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो ते टिपून माहिती उलगडली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा 'नूवो' हा ड्रायव्हर असाच घडला. 2010 मध्ये तो कर्नलमध्ये आला. एएमडीने 2006 मध्ये एटीआय ही कंपनी घेतली आणि 2007 मध्ये चिपची कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. 2015 मध्ये तिचा नवा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला. आज त्या कार्डाचं तापमान एका साध्या फाइलीत वाचता येतं. आत 65000 दिसलं, की समजायचं 65 अंश! 'लॅक्ट'सारखी खुली साधनं अशाच फाइली वाचतात, त्यांत लिहितात. जादू काही नाही.

एनव्हिडियाकडे मात्र उलटं झालं. 2014 च्या 900 मालिकेपासून कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागू लागलं. त्यामुळे या पिढीवर 'नूवो'ला वेग वाढवता येईना. कार्ड सुरू होतानाच्या मंद वेगावरच अडकलं. 2022 मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांपुरताच. फर्मवेअर अजून बंदच आहे.

तुम्ही म्हणाल, कंपनीचा बंद ड्रायव्हर घालू की! घाला. पण 900 आणि 1000 मालिकांसाठी 580 ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, असं कंपनीने सांगून टाकलंय. कार्ड ठणठणीत असतं, आधार मात्र संपतो. जुनं कार्ड घेऊन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे जास्त बोचतं.

तेव्हा सेकंडहँड कार्ड घेताना किंमत विचाराच, पण सोबत एवढंही विचारा : याची किल्ली कुणाकडे आहे?