चातुर्मासाचं आमंत्रण आणि रंगवलेला बाजार



चातुर्मासाची विनंती आता फोनवरूनही होते. पूर्वी राजस्थान-गुजरातकडचे श्वेतांबर संघ दूरच्या आचार्यांना त्यासाठी अख्खं गाव रंगवून पाठवत. कागदाची लांबच लांब गुंडाळी. वर मंगलचिन्हं, मग गावाचा रस्ता, शेवटी मजकूर: पर्युषणातली क्षमापना आणि पुढचा चातुर्मास आमच्याकडे करा, ही विनवणी. याला विज्ञप्तिपत्र म्हणतात. आपण बहुतेक जणी दिगंबर घरांतल्या, त्यामुळे हा शब्द कानावर आला नसेल.

माझ्या कानावर तो आला चित्र काढताना. बस्तीकडे जाणारा आमचा जुना बोळ मी चारकोल आणि ग्वाशमध्ये काढते आहे. रस्ता रुंद होणार, डावीकडची घरं जाणार. ग्वाश म्हणजे डिंकात कालवलेला अपारदर्शक जलरंग, शाळेतल्या पोस्टर कलरचा सख्खा भाऊ. आपल्याकडची लघुचित्रंही अशाच रंगांची: हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, नीळ, काजळी. कच्ची रेघ कोळशाची. चिंचेच्या काटक्या जाळून तो करत. कोळशाची पूड ओल्या रंगात मिसळली की पिवळा मळतो. म्हणून रेघ फडक्याने झटकायची, वर पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा आणि खालून पुसट दिसेल तिच्यावरून पुन्हा पक्की रेघ ओढायची. मीही तसंच करते. भिंतींचा चुना उजळ राहतो.

1830 मध्ये उदयपूरच्या संघाने बिकानेरला जिनहर्षसूरींना पाठवलेलं पत्र 72 फूट लांब आहे. नऊवारी लुगडं 27 फुटांचं. म्हणजे अडीच लुगड्यांहून जास्त! त्यात राजवाडा आहे, देवळं आहेत, आणि बाजार. दुकानात दुकानदार बसलेले. थोडी फुशारकी आहेच. पण मला त्यात आर्जव जास्त दिसतं. साधू येणार पायी, अनवाणी. गुंडाळी उलगडत जाताना नजर त्याच रस्त्याने चालत जाते.

हे पाहिल्यावर माझ्या रिकाम्या बोळात माणसं आली. सासूबाई शेजारी बसून सांगतात: इथे कासार, इथे ताकवाली, हिच्या ओट्यावर आम्ही शेवया वाळत घालायचो. त्यांना कागदावरची घरं नीट दिसत नाहीत, पण क्रम चुकत नाही.

त्याहून जुनं पत्र 1610 चं, आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना धाडलेलं. जहांगीराने पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या थांबवण्याचं फर्मान काढलं, ती बातमी त्यात चित्रांतून सांगितली आहे. चित्रकार उस्ताद शालिवाहन, बादशाही दरबारचा. दरबार त्याने डोळ्यांनी पाहिलेला, म्हणून माणसांचे चेहरे ओळखीचे वाटावेत इतके वेगवेगळे.

मला एक गोष्ट मात्र खुपते. त्या काळी बारीक कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असत आणि नमुना उतरवायचा चरबा पुष्कळदा हरणाच्या कातड्याचा. त्याला भोकं पाडून वरून कोळशाची पूड थोपटायची. जीवदयेची बातमीही बहुधा तसल्याच कुंचल्याने लिहिली गेली. मी नायलॉनचा ब्रश वापरते. खिडकीच्या गजांची रेघ त्याने तितकी बारीक येत नाही. आमच्या बोळातले गज थोडे जाडच झालेत, ते तसेच ठेवलेत.