मूठ आणि दांडा : हत्यारांच्या कातकामाचा इतिहास

हातहत्यारांच्या लाकडी भागांचे दोन वर्ग पडतात. पटाशी, कानस, आरी, पेचकस यांना मूठ असते; कुऱ्हाड, टिकाव, वाकस, हातोडा यांना दांडा असतो. मुठीने हत्यार रेटायचे किंवा पिळायचे असते, म्हणून तिचा छेद गोल असला तरी चालतो. दांड्याने हत्यार हाणायचे असते. घाव बसताना ते हातात फिरू नये आणि धार कुठल्या बाजूला आहे हे न पाहता कळावे, म्हणून दांड्याचा छेद लंबगोल लागतो. कातयंत्र, म्हणजे लेथ, मुळात गोलच वस्तू घडवते. त्यामुळे मूठ शतकानुशतके कातयंत्रावर होत राहिली आणि दांडा मात्र १९व्या शतकापर्यंत तासूनच काढावा लागला.

कातयंत्राचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इजिप्तमध्ये तूना अल्-गबल येथील पेतोसिरिसच्या थडग्यात कोरलेले आहे. ते सुमारे इ.स.पू. ३०० मधील आहे. त्यात एक जण वस्तूला गुंडाळलेला पट्टा दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढतो आणि दुसरा तिला हत्यार लावून धरतो. सुताराचा भोके पाडण्याचा सामताही अशाच उलटसुलट फेऱ्यांवर चालतो. या गतीत लाकूड एकदा कारागिराकडे व एकदा उलट फिरते, आणि कापण्याचे काम पहिल्याच फेऱ्यात होते. निम्मी हालचाल वाया जात असली, तरी यंत्र साधे, स्वस्त आणि कुठेही उभे करता येण्याजोगे असल्याने ते दीर्घकाळ टिकले.

भारतात हेच तत्त्व कामठीच्या कातयंत्रात वापरले गेले. जमिनीवरच्या दोन ठोकळ्यांना लोखंडी अणी असतात आणि त्यांच्यामध्ये लाकूड धरले जाते. कामठीची दोरी लाकडाला एक वेढा देऊन जाते. कारागीर जमिनीवर बसून एका हाताने कामठी मागेपुढे ओढतो, दुसऱ्या हाताने हत्यार धरतो आणि पायाच्या बोटांनी ते स्थिर ठेवतो. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना कातारी म्हणत. पाळण्याचे खूर, लाटणी, रव्या, भोवरे आणि हत्यारांच्या मुठी हे सारे त्यांच्याच हातून होई. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर बसते. नंतर पानाने घासून तिला चकाकी आणतात. सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण येथील लाकडी खेळणी याच लाखकामासाठी प्रसिद्ध झाली.

युरोपात मध्ययुगात कामठीची जागा लवचीक दांडीने घेतली. डोक्यावरच्या दांडीपासून निघालेली दोरी लाकडाला वेढा घालून खालच्या पावटीला बांधलेली असे. पावटी दाबली की लाकूड फिरे आणि पाय उचलला की दांडी दोरी परत ओढून घेई. दोन्ही हात मोकळे राहिल्याने हत्यारावर अधिक ताबा आला. लिओनार्दो दा विंचीच्या १५व्या शतकाच्या उत्तरार्धातील एका रेखाटनात पावटी, भुजा आणि जड चाक यांनी सतत एकाच दिशेला फिरणारे कातयंत्र दिसते. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सनने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’मध्ये पावटीच्या यंत्राबरोबर मदतनिसाने फिरवायच्या मोठ्या चाकाचेही वर्णन आहे. तोवर कातकाम हा तिथे संघटित व्यवसाय झाला होता. लंडनच्या कातारी संघाला १६०४ मध्ये राजसनद मिळाली होती.

मूठ कातण्याची रीत यंत्र बदलले तरी फारशी बदलली नाही. लाकूड शक्यतो करवतण्याऐवजी तंतूंच्या दिशेने फोडतात. करवतीचा काप तंतूंना तिरका छेदून गेला, तर मूठ त्या रेषेवर उकलते. तुकडा वाळवून, कोपरे तासून तो अणींमध्ये बसवतात. आधी गोल पन्हाळी पटाशीने ओबडधोबड आकार काढतात, मग सपाट धारेने तो गुळगुळीत करतात. पुढच्या टोकाशी बारीक मान काढून तिच्यावर पितळी किंवा लोखंडी कडे घट्ट बसवतात. पटाशीचे निमुळते टोक मुठीत ठोकले जाते तेव्हा ते पाचरीसारखे काम करते, आणि कडे नसेल तर लाकूड फुटते. ज्या पटाशीवर मोगरीचे घाव बसायचे, तिच्या मुठीच्या मागच्या टोकालाही काही वेळा कडे घालतात. मूठ बाकावरून गडगडू नये म्हणून कातून झाल्यावर तिच्या कडांना पैलू पाडण्याचीही पद्धत होती. लाकूड आणि लोखंड यांच्या आयुष्यातला फरक ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेत स्पष्ट दिसला. १५४५ मध्ये बुडालेल्या या नौकेतील सुतारांच्या अनेक हत्यारांची पाती गंजून गेली होती, पण लाकडी भाग गाळात टिकून होते.

दांड्याचा प्रश्न अमेरिकेत सुटला, आणि तोही बंदुकीच्या निमित्ताने. मॅसॅच्युसेट्समधील टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ मध्ये वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू कातणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात एक नमुना आणि एक कच्चा तुकडा सारख्याच वेगाने सावकाश फिरतात. नमुन्यावर टेकलेले चाक त्याच्या उंचसखलपणानुसार आतबाहेर सरकते आणि वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकालाही तसेच सरकवते. दोन्ही चाके लांबीभर पुढे जातात आणि नमुन्याची प्रत तयार होते. येथे लाकूड हत्याराला शरण न जाता हत्यारच लाकडाभोवतीचा आकार शोधत जाते, त्यामुळे गोलाईचे बंधन राहत नाही. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यात बंदुकीचे दस्ते या पद्धतीने होऊ लागले. पुढे बुटांचे साचे, चाकांचे आरे आणि कुऱ्हाडीचे दांडेही तसेच होऊ लागले.

याचा परिणाम दांड्याच्या घाटावरही झाला. पूर्वी कुऱ्हाडीचे पाते विकत मिळे आणि दांडा शेतकरी किंवा लाकूडतोड्या स्वतः घडवी. १९व्या शतकात पात्याबरोबर तयार दांडाही विकला जाऊ लागला, आणि टोकाशी हाताला अडणारा उंचवटा असलेला वक्र अमेरिकन दांडा सर्वत्र पसरला. त्यासाठी चिवट आणि धक्का सोसणारे हिकरी लाकूड वापरीत. इंग्लंडमध्ये तेच स्थान ॲशला होते. मुठींसाठी तिथे बीच आणि घट्ट पोताचे बॉक्स लाकूड पसंत केले जाई. भारतात दांड्यांसाठी धामण, तिवस आणि बाभूळ ही लाकडे उपयोगी पडली. धामणीचा लवचीकपणा कुऱ्हाडीला विशेष मानवतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीमागेही झाडाच्याच लाकडाने झाड तोडण्याचा हा व्यवहार आहे.

वाफ आणि नंतर विजेची मोटार आल्यावर मुठी आणि दांडे कारखान्यात मोठ्या संख्येने होऊ लागले. विसाव्या शतकात प्लॅस्टिकने पेचकस आणि पटाशीच्या मुठींमध्ये मोठी जागा घेतली. अमेरिकेतील एस्टविंग या १९२३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने दांडा आणि डोके एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेले हातोडे विकले, तर पुढे काचतंतूंचे दांडेही आले. तरीही लाकूड हटलेले नाही. ते धक्का शोषते, थंडीत वा उन्हात हाताला फार बोचत नाही, आणि मोडले तर हत्यार न टाकता नवे बसवता येते. कानसेला आजही लाकडी मूठ वेगळी विकत मिळते, आणि गावच्या सुताराकडे कुऱ्हाडीचा नवा दांडा हाताने तासूनच बसवला जातो.